हरवलेल्या कुत्र्याची घराकडची वाट मोकळी कशी करायची: इंदूरकरांसाठी

इंदूरमध्ये कुत्रे कोणत्या रात्री सुटणार, हे पंचांग न उघडताही सांगता येतं. लक्ष्मीपूजन, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, एकतीस डिसेंबर, लग्नसराईतल्या वराती आणि भारतानं क्रिकेटचा मोठा सामना जिंकला की राजवाड्यावर जमणारी गर्दी. यातली शेवटची सगळ्यात वाईट, कारण निकाल आधी कुणाला ठाऊक नसतो. शेवटची विकेट पडली की पाच मिनिटांत गल्लोगल्ली लडी लागतात, आणि नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी गंमत बघायला फाटक उघडं टाकून बाहेर पडलेलं असतं.

मग सुरू होते धावाधाव. चार स्कूटर चार दिशांना, हॉर्न, टॉर्च, 'ब्रूनोऽऽ' म्हणून हाका. शेजारचे काका ओटल्यावरून सांगतात, "लॅब्रेडॉर आहे ना, येईल आपोआप." काकांचं अर्धं बरोबर असतं. घर कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज पुष्कळ कुत्र्यांना असतो आणि यायची इच्छाही असते. मधल्या गल्ल्यांतली कुत्री, वाहनं आणि त्याच्यामागे ओरडत धावणारी आपलीच माणसं त्याला येऊ देत नाहीत. म्हणून या लेखात शोधण्यापेक्षा वाट मोकळी करण्यावर भर आहे.

आशा धरायला कारण आहे. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २०१२ सालच्या पाहणीत हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के परत मिळाले होते. त्यातले जवळपास निम्मे केवळ आसपासचा भाग पिंजून काढल्यामुळे, आणि १५ टक्के गळ्यातला बिल्ला किंवा कातडीखालची मायक्रोचिप यामुळे. तिथल्या आणि आपल्या रस्त्यांत फरक आहे, पण 'आसपास' हा शब्द इथेही तितकाच खरा आहे.

आधी ओळखा: घाबरून पळाला, उंडारायला गेला की कुणी नेला?

तिघांचं वागणं वेगळं, म्हणून शोधही वेगळा.

उंडारायला गेलेला कुत्रा शेपटी वर करून, खांब हुंगत, ओळखीच्या रस्त्यानंच जातो. तो माणसांकडे जातो, हाकेला वळून बघतो, कुणी बिस्कीट दिलं तर त्याच्या अंगणात बसतो. असा कुत्रा बहुतेक त्याच दिवशी सापडतो, आणि पुष्कळदा कुणीतरी 'बिचारा' म्हणून बांधून ठेवलेला असतो.

घाबरून पळालेल्याची गोष्ट निराळी. तो आधी सरळ रेषेत पळत सुटतो आणि दम संपला की पहिल्या अंधाऱ्या आडोशात शिरतो: पुलाखाली, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या तळघरात, उभ्या ट्रकखाली. दिवसभर हलत नाही. या अवस्थेत तो मालकालाही ओळखत नाही, किंवा ओळखलं तरी पळतो. घरी मांडीवर चढून बसणारा कुत्रा आपल्याला बघून पळाला म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यात प्रेमाचा प्रश्न नसतो. भीती इतकी भरलेली असते की अंगावर येणारं काहीही त्याला शत्रू वाटतं. पुढचा बहुतेक मजकूर अशाच कुत्र्यासाठी आहे.

नेलेला कुत्रा म्हणजे फाटक बंद, पट्टा जागेवर नाही, जात महागाची, आणि गल्लीत कुणीही त्याला एकटं फिरताना पाहिलेलं नाही. इथे वेळ न घालवता पोलीस थाना गाठा. पाळीव कुत्रा ही मालमत्ता आहे, त्यामुळे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीची तक्रार होते. लसीकरणाचं कार्ड, तुमच्यासोबतचे जुने फोटो, खरेदीची पावती किंवा निगमची (महापालिकेची) नोंदणी जे असेल ते बरोबर न्या. "कुत्त्याची कसली रिपोर्ट" असं ऐकावं लागलं तरी लेखी अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पहिला अर्धा तास

तीन माणसं पुरेत. जास्त असतील तर बाकीच्यांना फोनवर बसवा.

एक माणूस घरी. फाटक सताड उघडं, ओटल्यावरचा दिवा चालू, आणि ज्याच्या हातचं तो जेवतो तोच दारात बसलेला. त्याच्या ओळखीचे आवाज करत राहायचं, पण हाका मारायच्या नाहीत. स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवा. रोज संध्याकाळी बाबा ज्या स्कूटरवर येतात ती दारात चालू करून दोन मिनिटं ठेवा. हाक मारताना आपला आवाज घाबरलेला असतो आणि कुत्र्याला तो लगेच कळतो. ताटलीला घाबरता येत नाही.

दुसरा माणूस तो शेवटचा दिसला त्या जागी. तिथे उभं राहून विचारा: कुठल्या बाजूला गेला, पळत की चालत, शेपटी कशी होती. मग तिथेच बसून राहा. धावत गेलेला कुत्रा जरा शांत झाला की वळसा घेऊन त्याच जागी येण्याची शक्यता बरीच असते.

तिसरा पायी किंवा सायकलवर, रोजच्या फिरण्याच्या वाटेनं. हॉर्न नाही, टॉर्चचा झोत डोळ्यांवर नाही. दिसला तर पाठलाग नाही. थांबायचं आणि फोन करायचा. गल्लीतल्या पोरांना हे आधीच बजावून ठेवा, कारण "अंकल, वो रहा" म्हणत पाचजण धावले की कुत्रा एका कॉलनीतून दुसऱ्या कॉलनीत जातो. या अर्ध्या तासात त्यानं रिंग रोड किंवा एबी रोड ओलांडू नये, एवढंच साधलं तरी पुष्कळ झालं.

तो वाट कशी काढतो

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात असतात, कुत्र्याच्या नाकात दहा कोटींच्या पुढे. तेव्हा घरी परतण्याचं मुख्य साधन नाक, यात नवल नाही. पण तेवढंच एक साधन नाही. प्रागच्या झेक लाइफ सायन्सेस विद्यापीठातल्या संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांना जीपीएस पट्टे बांधून जंगलात सोडलं होतं. त्याचे निष्कर्ष २०२० साली 'ईलाइफ' या नियतकालिकात आले. बहुतेक फेऱ्यांत कुत्रे गेले त्याच वाटेनं, आपल्याच वासाच्या मागावर परत आले. सुमारे एक तृतीयांश फेऱ्यांत मात्र त्यांनी नवीच वाट काढली, आणि त्यातल्या बहुतेक वेळी परत फिरण्याआधी ते साधारण २० मीटर उत्तर-दक्षिण रेषेत धावले, मग मालक कुठल्याही दिशेला असो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी ते आपली दिशा जुळवून घेत असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे.

आपल्याला यातून कामाच्या दोन गोष्टी मिळतात. पहिली: कुत्रा पायी गेला असेल तर वासाची वाट आहे, गाडीतून नेला असेल तर नाही. दवाखान्याच्या दारातून, ग्रूमिंगच्या दुकानातून किंवा नव्या घरी सामान हलवताना जो सुटतो, त्याच्याकडे घरापर्यंतचा माग नसतो. त्याला त्या दवाखान्याच्या आसपास शोधा, घराच्या नाही. आणि घर नुकतंच बदललं असेल तर जुन्या घरी राहणाऱ्यांना फोन करून ठेवा. दुसरी: पाताळपाणी किंवा रालामंडलच्या बाजूला सहलीत सुटला, तर जिथे गाडी उभी होती ती जागा सोडू नका. अंधार पडून निघावंच लागलं तर अंगातला घामट शर्ट आणि पाण्याचं भांडं तिथे ठेवून जा आणि उजाडायच्या आत परत या. त्या भागात बिबट्या आहे, तेव्हा रात्री एकट्यानं झाडीत शिरू नका. वन विभागाच्या चौकीवर सांगून ठेवा.

वासाबद्दल एक गैरसमज फार आहे. लोक कुत्र्याचं पांघरूण फाडून त्याच्या चिंध्या पाच चौकांत बांधतात. त्यामुळे त्याला पाच घरं मिळतात, आणि गल्लीतली कुत्री येऊन प्रत्येक चिंधीवर पाय वर करून जातात. वास एकाच ठिकाणी हवा, घरच्या ओटल्यावर: त्याची गादी, घरातल्यांचे न धुतलेले कपडे, वापरातल्या चपला. खाणं तिथे ठेवू नका, नाहीतर भलतीच मंडळी जेवायला बसतील. आणि हात जोडून सांगते, त्या दिवसांत ओटला फिनाइलनं धुऊ नका. स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या शहराच्या अंगात हे इतकं भिनलंय की कुत्रा हरवलेला असतानाही सकाळी सात वाजता बादली आणि खराटा बाहेर येतोच.

गल्लीतली कुत्री: खरा अडथळा

पाळलेला कुत्रा आपल्या गल्लीतून पट्ट्यात जातो तेव्हा तो तुमच्या संरक्षणात असतो. एकटा असला की प्रत्येक चौकात त्याला दुसऱ्याची हद्द ओलांडावी लागते. चारपाच कुत्र्यांची टोळी, ठरलेलं दुकान, ठरलेला खांब. परका कुत्रा त्यांच्या हद्दीत आला की सगळी एकदम उठतात. तो मागे पळतो, आणि ज्या बाजूला पळतो ती बहुतेक घराच्या उलटी असते. घरापासून दोन चौकांवर अडकलेले कुत्रे असतात. लांब गेलेला असेल असं समजून माणसं देवासपर्यंत फोन करत असतात.

कागदावर एक नकाशा काढा. शेवटची जागा, घर, मधले चौक. संध्याकाळी पायी फिरून प्रत्येक चौकात किती कुत्री बसतात ते लिहा. आता महत्त्वाचं काम: त्यांना खायला कोण घालतं ते शोधा. हे अवघड नाही. ज्याची स्कूटर आली की सगळी शेपट्या हलवत धावतात, तो तुमचा माणूस. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालणाऱ्या आजी, रात्री दुकान बंद करताना दूध ओतणारा किराणावाला, दत्ताचा वार म्हणून गुरुवारी न चुकता बिस्किटं घालणारे गृहस्थ. या माणसांना आपल्या चौकातलं प्रत्येक कुत्रं तोंडानं ओळखता येतं, त्यामुळे नवं कुत्रं दिसलं की सगळ्यात आधी यांनाच कळतं. खबरही यांच्याकडून मिळते आणि वाटही.

त्यांच्याकडे एवढंच मागायचं: काही रात्री, त्या चौकातल्या कुत्र्यांना साडेतीन-चारच्या सुमाराला नेहमीच्या जागेपासून एक गल्ली बाजूला, जमलं तर स्वतःच्या कंपाउंडमध्ये, पोटभर खायला घाला आणि थोडा वेळ तिथेच बसा. जेवलेली टोळी लगेच हद्दीवर भांडायला उठत नाही. साडेतीन ते पाच ही वेळ अशी की सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून परतणाऱ्यांच्या गाड्या थांबलेल्या असतात आणि दूधवाले अजून निघालेले नसतात. लपलेला कुत्रा याच वेळी हलतो.

लोकमान्य नगरातली ठमी याच रीतीनं आली. साधी इंडी, म्हणजे देशी जातीची, तपकिरी, एक कान पडलेला. फटाक्यांना घाबरून महूच्या रेल्वेमार्गापलीकडे गेली होती. रुळांच्या कडेला खायला काही नसतं, म्हणून तिथे टोळ्या कमी असतात. घाबरलेला कुत्रा अशी निवांत पट्टी बरोबर शोधतो. कान्ह आणि सरस्वतीच्या काठच्या मोकळ्या जागाही तशाच. ठमी पहाटे रूळ ओलांडून यायची आणि दरवेळी एकाच किराणा दुकानाच्या कोपऱ्यावरून परत पळायची. तिथल्या चार कुत्र्यांना जेवू घालणाऱ्या बाई जवळच राहत होत्या. त्यांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, मग मला आधी नाही का सांगायचं?" पहाटे त्यांनी चौघांना आपल्या अंगणात घेऊन दूधपोळी घातली आणि फाटक ओढून घेतलं. पावणेपाचच्या सुमाराला ठमी आली, भिंतीला घासून, पोट जमिनीला टेकवत. कोपऱ्यावर थांबली, नाक वर केलं, बराच वेळ तशीच उभी. मग एकदम चालीत फरक पडला आणि ती दुडक्या पावलांनी सरळ आपल्या गल्लीत वळली. ओटल्यावर आजोबांच्या वहाणा हुंगल्या, समोर बसलेल्या आजोबांकडे ढुंकूनही न बघता आत गेली आणि मोरीतल्या बादलीत तोंड घातलं.

काठ्या घेऊन कुत्र्यांना हुसकवायचा सल्ला देणारे भेटतील. काठी बघून आपलाही कुत्रा पळतो, एवढं त्यांना सांगा.

खबर कुणाकडून मिळेल

आपल्याकडे रस्त्यावरच्या कचराकुंड्या केव्हाच हटल्या. शहरासाठी छान, हरवलेल्या कुत्र्यासाठी कठीण, कारण उकिरड्यावर पोट भरायची सोय नाही. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भूक लागली की तो खाण्याच्या जागांकडे सरकतो: पहाटेच्या पोह्यांच्या गाड्या, मटणाची दुकानं, भंडारा चालणारी मंदिरं, हॉस्टेलांच्या मेसची मागची दारं. या जागा पहाटे आणि रात्री उशिरा, दोन्ही वेळा बघा.

सगळ्यात उपयोगाची माणसं म्हणजे कचरागाडीवरची. प्रत्येक गाडीचा मार्ग ठरलेला, रोज त्याच गल्ल्या, दारादारात थांबणं. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की फक्त कचरा देऊन आत येऊ नका. मोबाइलवरचा फोटो चालक आणि मदतनीस दोघांना दाखवा, त्यांच्या फोनवर पाठवा, आणि बाजूच्या वॉर्डांतल्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकायला सांगा. मग रात्रीचे चौकीदार, पेपरवाले, दूधवाले. दुपारी झोपणाऱ्या शहरात पहाटे जागी असणारी माणसं हवीत. पार्षदांना (नगरसेवकांना) कळवा, पण तिथून काही होईल म्हणून थांबू नका.

पत्रक हिंदीतच करा. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर मराठीत लिहा, पण चौकीदार आणि पोहेवाला हिंदी वाचतो. फोटो मोठा, अक्षरं ठळक, मजकूर एवढाच: 'कुत्ता खो गया है। डरा हुआ है। पकड़ें नहीं, पीछे न भागें। दिखे तो तुरंत फोन करें।' आणि नंबर. रंग, पट्टा आणि शेवटची जागा एका ओळीत. जातीचं इंग्रजी नाव लिहून उपयोग नाही. 'भूरा, झबरा, कान लटके हुए' हे लगेच कळतं. घरात 'भूर जायचं?' म्हटलं की दारात उभा राहणारा कुत्रा असेल तर तेही लिहा, म्हणजे 'आजा, आजा' ओरडणाऱ्या माणसाच्या हाती काहीतरी लागेल. इनामाची रक्कम छापू नका. रक्कम दिसली की तीच पोरं पाठलाग करतात ज्यांना आपण करू नका म्हणून सांगतोय.

भिंती आणि विजेच्या खांबांवर चिकटवू नका. १९९४ च्या मध्य प्रदेश संपत्ती विरूपण निवारण कायद्याखाली ते गुन्ह्यात मोडतं, आणि तुमचाच फोन नंबर तिथे छापलेला असतो. दुकानदाराला विचारून काचेच्या आतून लावा. पावसात भिजतही नाही.

फोन येऊ लागले की चोरही येतात. "कुत्ता हमारे पास है, गाडीचं भाडं आधी पाठवा" असा फोन हमखास येतो. म्हणून पत्रकात एक खूण मुद्दाम लपवून ठेवा, जसं मागच्या पायाचं पांढरं बोट किंवा जिभेवरचा काळा डाग. फोन करणाऱ्याला तीच विचारा, आणि व्हिडिओ कॉल करायला सांगा. कुत्रा समोर बघितल्याशिवाय एक रुपया यूपीआयनं जाता कामा नये.

प्रत्येक खऱ्या खबरीची नोंद नकाशावर करा: वेळ, जागा, कुठल्या दिशेनं चालला होता. तीन-चार ठिपके एका भागात आले की तिथे एकच जागा निवडून रोज एकाच वेळी खाणं आणि पाणी ठेवा, आणि दूर गाडीत बसून बघा. समोरच्या घराचा सीसीटीव्ही बघायला मिळाला तर उत्तम. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा 'उद्या विचारू' नको.

निगमची गाडी

हे रोज तपासा, विशेषतः कुत्रा इंडी असेल तर. ॲनिमल बर्थ कंट्रोल नियम २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्यांना पकडून नसबंदी आणि लस करून त्याच जागी परत सोडतात. खूण म्हणून कान कापलेला असतो. खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया झालेल्या तुमच्या कुत्र्याच्या कानाला ती खूण नसते, त्यामुळे पट्टा निसटला असेल तर पथकाला तो भटकाच वाटणार. शिवाय ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला आणि परत तिथे न सोडायला सांगितलं. तुमचा कुत्रा अशा आवारात शिरला असेल तर तो आपोआप परत येण्याचा प्रश्नच उरत नाही.

निगमच्या इंदूर ३११ ॲपवर तक्रार टाका, झोन कार्यालयात फोन करा, पण त्यावर विसंबू नका. नसबंदी केंद्रात स्वतः जा आणि पिंजरे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. फोनवर "ऐसा कोई नहीं आया" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. दोनशे तपकिरी कुत्र्यांत तुमचा तपकिरी त्याला वेगळा दिसत नाही. जखमी जनावर दिसल्याची खबर आली तर पशुवैद्यकीय ॲम्ब्युलन्ससाठी १९६२ वर फोन करता येतो.

दिसला. आता?

इथे मोडलेला नियम सगळी मेहनत पाण्यात घालतो, म्हणून सावकाश वाचा.

त्याच्याकडे चालत जाऊ नका. नाव घेऊन ओरडू नका. डोळ्यांत बघू नका. जिथे आहात तिथेच, अंग त्याच्याकडे कुशीनं वळवून खाली बसा, शक्य असेल तर जमिनीवरच मांडी घाला. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे जाईल अशी बाजू घ्या. डोळ्यांनी न पटलेली ओळख त्याला नाकानं पटते. बिस्किटाच्या पुड्याचा चुरचुर आवाज करा आणि एखादं बिस्कीट स्वतः खा. मग दुसऱ्या कुणाशी बोलावं तसं हळू आवाजात काहीही बोलत राहा, भाजीचे भाव सुद्धा चालतील. एकेक तुकडा त्याच्या दिशेनं, पण त्याच्या अंगावर नाही, तुमच्या बाजूला टाका.

तो अर्धा रस्ता येईल, परत जाईल, पुन्हा येईल. यात तास जाऊ शकतो. मग एक क्षण येतो: नाक जोरात हलतं, कान बदलतात आणि अख्खं अंग वळवळू लागतं. काहीजण इथे रडल्यासारखा आवाज काढतात. तरीही हात डोक्यावरून नेऊ नका. खालून, छातीखाली न्या. सरकफासाचा पट्टा आधीच उघडून मांडीवर ठेवलेला असावा. पट्टा गळ्यात पडेपर्यंत आनंद आवरा.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला पट्ट्यात घेऊन जा. दहा माणसांचं काम तो करतो. काहीच जमत नसेल, रोज दिसतो पण कुणालाही जवळ येऊ देत नाही असं असेल, तर सापळ्याचा पिंजरा लावावा लागतो. तो अनुभवी माणसांनीच लावावा आणि एक मिनिटही नजरेआड ठेवू नये, कारण बंद पिंजऱ्यातल्या कुत्र्याला बाहेरून टोळीनं घेरलं तर तो जिवाच्या आकांतानं स्वतःला जखमा करून घेतो.

तुम्हालाच कुणाचा कुत्रा सापडला तर

गाडीत घालून आपल्या घरी शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊ नका. त्याचं घर बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर असतं. पाणी द्या, पट्टा किंवा ओढणी सैल बांधा आणि सकाळी वर्दळ सुरू व्हायच्या आधी जिथे सापडला तिथूनच त्याला पुढे चालू द्या. शांत झालेला कुत्रा पुष्कळदा ठरवून एका दिशेला ओढतो. ओढू द्या, चौकात टोळी आडवी आली तर मध्ये तुम्ही उभे राहा. असा एक पांढरा पॉमेरेनियन सुदामा नगरात एका शिक्षिकेला तीन वळणं घेऊन थेट एका बंद फाटकापुढे घेऊन गेला आणि तिथे बसून भुंकू लागला.

नाहीच ओढला, तर दवाखान्यात नेऊन चिप तपासून घ्या. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेजवळ कातडीखाली, आणि स्कॅनरवर १५ आकडी क्रमांक येतो. 'सापडला' म्हणून टाकलेल्या फोटोत सगळ्या खुणा दाखवू नका. मालक म्हणून येणाऱ्यानं त्या सांगायला हव्यात. जुने फोटो बघितल्याशिवाय देऊ नका.

घरी आल्यावर

रागावू नका, एवढं सांगायला हवंच असं नाही, पण रागावणारे असतात.

पाणी थोडं थोडं. खाणंही थोडंच, दिवसातून चारपाच वेळा: दहीभात किंवा पातळ खिचडी, त्यात कांदा-लसूण नको. उपाशी पोटावर एकदम ताट भरून दिलं की उलट्या होतात, आणि बरेच दिवस उपाशी असेल तर ते जिवावरही बेतू शकतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. पंजे बघा; उन्हाळ्यात इंदूरचं डांबर गाद्या भाजून काढतं. बोटांच्या मध्ये, कानाच्या आत गोचिड्या शोधा. चावल्याची जखम केसांत लपते, म्हणून सगळं अंग हातानं चाचपा. चावा असेल तर पाण्याच्या धारेखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लस आधी झालेली असली तरी रेबीजचा बूस्टर त्याच दिवशी द्या. पकडताना तुम्हाला दात लागले असतील तर तुमचीही जखम तशीच धुवा आणि दवाखान्यात जा. 'आपलाच तर आहे' हे कारण इथे चालत नाही, कारण मधल्या दिवसांत त्याला कुणी चावलं ते तुम्हाला ठाऊक नाही. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, सुस्ती, जेवण सोडणं याकडे लक्ष ठेवा. गोचिड्यांचा ताप असाच उशिरा डोकं वर काढतो.

दुकानांच्या काचांवरची पत्रकं स्वतः काढा आणि कचरागाडीवाल्यांना, चौकीदारांना, पोळी घालणाऱ्या आजींना सांगून या. नाहीतर ते महिनाभर तुमच्या कुत्र्यासारखा दिसणारा प्रत्येक कुत्रा बघून फोन करत राहतील, आणि पुढच्या वेळी करणार नाहीत.

पट्टा दोन बोटं जातील इतकाच सैल हवा. त्याहून ढिला पट्टा पहिल्या फटाक्याला डोक्यावरून निघतो. बिल्ल्यावर नावापेक्षा फोन नंबर कोरून घ्या. ब्लूटूथवाला टॅग गर्दीत चालतो, रुळांच्या कडेला आसपास कुणाचा फोन नसेल तर मुका होतो. आणि चिप बसवली असेल तर तिची नोंदणी उघडून बघा. चिपमध्ये फक्त आकडा असतो. तो आकडा ज्या नंबराशी जोडलाय ते सिम तुम्ही बंद केलं असेल, तर आजच बदलून घ्या.